काडेपेटीचं माप

वरवट बकालच्या बचत गटाचं संत्र्याचं सरबत बिघडलं, ते निर्मलाताईंच्या हातामुळे नाही. माझ्यामुळे बिघडलं. ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, शेठजींना सांगितली नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवी होती त्या निर्मलाताईंना तर या उन्हाळ्यापर्यंत सांगितली नव्हती. संपादकांनी मला दुकानातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. त्या लिहितोच. पण हे सुरुवातीला लिहून टाकलं नसतं, तर गमतीजमतींच्या आडून मी पुन्हा निसटलो असतो. मी मला ओळखतो.

खामगावच्या बाजारात रंग-एसेन्सच्या दुकानात मी विशीत लागलो. आता पन्नाशी उलटली, तरी त्याच काउंटरमागे आहे. रंगाचं दुकान म्हटलं की नवखा माणूस भिंतीला लावायचा रंग मागतो. आमचा रंग पोटात जायचा. जिलबीचा पिवळा, बर्फगोळ्याचा लाल, बडीशेपेच्या गोळ्यांचा हिरवा. त्याशिवाय केवडा, गुलाब, व्हॅनिला, अननस यांचे अर्क. बिस्किटं फुगवायचा बेकरीचा अमोनिया, खायचा सोडा, पापडखार, लिंबूफूल. आणि एका बाजूच्या फळीवर माल टिकवायच्या पावडरी. आमच्या दुकानातली एकही वस्तू नुसती खाता येत नाही, आणि तालुक्यातली एकही पंगत तिच्याशिवाय उठत नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

दुकानाचा वास अंगाला चिकटतो. घरी गेलो की बायको दारातूनच ओळखते, "आज केवड्याची बाटली फुटली वाट्टे." सासुरवाडीला मला 'व्हॅनिलाचे जावई' म्हणतात. माणसं सरणावर जाताना चंदनाचा वास मागतात, मला बहुतेक पाइनॅपल मिळेल.

शेठजी जुन्या वळणाचे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "मधू, आपण जहर नाई विकत. पण जादा झालं का आपल्या दुकानातलं समदंच जहर होते. इकाचं कमी, सांगाचं जास्त." म्हणजे गिऱ्हाइकाला वस्तू देताना ती किती घालायची हे त्याच्या डोक्यात बसल्याशिवाय पुडी हातात द्यायची नाही. कापडाचा रंग मागायला आलेल्या एका जिलबीवाल्याला त्यांनी माझ्यादेखत पायरीवरून खाली उतरवलं. तो म्हणत होता, "शेठ, स्वस्त पडते अन् पिवळा कसा खुलते पाहा." शेठजी म्हणाले, "मंग गिऱ्हाइकाले जिलबी नेसाले दे."

गोळेवाला बाबूभाई दर उन्हाळ्यात यायचा आणि दरवर्षी त्याचं एकच मागणं असायचं. लाल अजून लाल पाहिजे. मी म्हणायचो, "बाबूभाई, खायच्या रंगालाही मर्यादा आहे. चिमूटभर जादा झाला तर लहान पोरांच्या पोटात जातो." त्यावर तो काउंटरवर कोपर टेकवून मला धंदा समजावून द्यायचा. "मधुभाऊ, पोरगं गोळा खाते अन् घरी जाऊन आरशात जीभ पाहते. जीभ लाल नाई झाली का दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीवर जाते. मी काय करू?"

"सरकारनं ठरवून दिलेलं प्रमाण आहे ना."

"मंग सरकारले म्हणा, जीभ दाखव."

शेवटी आमचं ठरलं. लाल रंग तेवढाच, पण लिंबूफूल थोडं जास्त. आंबट लागलं की पोरं जीभ जास्त बाहेर काढतात. बाबूभाई खूश, मीही खूश. काउंटरवरच्या माणसाला असल्या युक्त्या सुचाव्या लागतात.

आता काडेपेटीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

आमच्याकडचा आचारी शेतातल्या लग्नाच्या मांडवात स्वयंपाक करतो. तिथे तराजू कोण नेणार? पण भट्टी पेटवायला काडेपेटी प्रत्येकाच्या खिशात असते. काड्या वरच्या खिशात ओतायच्या, पेटीचा आतला खण रिकामा करायचा, आणि तो खण हेच माप. बट्टीच्या इतक्या कणकेला इतके खण सोडा, वरणाच्या इतक्या डाळीला अर्धा खण. आमच्या वऱ्हाड भागात आचाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या या मापावर जगल्या. मग सरबतवाले, लोणचंवाले, पापडवाल्या बाया, सगळेच आम्हाला खणात विचारू लागले आणि आम्हीही खणात सांगू लागलो. दुकानात पितळी तराजू होता, पुढे बटणाचा काटाही आला. मी दोन्ही वापरत नव्हतो. पुडी बांधताना माझा हात नेमका थांबायचा. गिऱ्हाईक मुद्दाम काट्यावर ठेवून पाहायचं आणि मान डोलवायचं. "मधूचा हात म्हणजे काटा," असं शेठजीही चार लोकांत म्हणायचे. मी वर पाहायचो नाही, पण कान तिकडेच असायचे.

खणाचं माप चुकायचंही. गुलाबराव नावाचे आमचे नेहमीचे आचारी, मोठा माणूस, मिशा अशा की वाफेतही खाली यायच्या नाहीत. लोणार तालुक्यातल्या बीबी गावी एका लग्नात त्यांनी बट्टीच्या कणकेत सोडा टाकला. ते पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांच्या जोडीदारानं 'राहून गेला असेल' म्हणून पुन्हा टाकला. बट्ट्या पिवळ्या झाल्या आणि साबणासारखा वास सुटला. पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं बट्टी वरणात कुस्करली, हुंगली आणि विचारलं, "आचारीबुवा, ही खाऊ का अंगाले लावू?" ही गोष्ट गुलाबराव स्वतःच सांगायचे आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे. चूक सांगून टाकणाऱ्या माणसाची चूक हसण्यावारी जाते. हे मी समोर बसून ऐकलं, आणि शिकलो मात्र नाही.

टिकवायच्या पावडरी मुख्य दोन. एक सोडियम बेन्झोएट, दुसरी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. दुसरीचं नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून सगळे तिला 'केएमएस' म्हणतात. दोन्ही पांढऱ्या. दोन्ही बुरशी आणि आंबणं थांबवतात. पण स्वभाव वेगळे. केएमएसमधून गंधकाचा वायू सुटतो, काडी ओढल्यावर नाकात जातो तसला. त्यानंच माल टिकतो. पण हा वायू जांभळाचा, डाळिंबाचा रंग उडवतो. म्हणून रंगीत फळाला बेन्झोएट, आणि संत्रं, लिंबू, आवळा यांना केएमएस. दोन्ही खाण्यात चालतात, कायद्यानं प्रमाण घालून दिलेलं आहे. मात्र केएमएसचा वायू दमेकरी माणसाच्या छातीला धरतो. काहींना तर नेमक्या प्रमाणातलाही सोसत नाही. म्हणून बाटलीवर तसं छापायचं असतं. हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. अडाणीपणाची सबब मला नाही.

निर्मलाताई वरवट बकालच्या. सातपुड्याच्या पायथ्याला संत्र्याच्या बागा आहेत, त्यांच्या दिराचीही एक होती. पण गावात त्यांचं नाव बागेमुळे नव्हतं. नाव होतं हातामुळे. तिकडे लोणचं घालायचं तर फोडी कोणीही करो, पहिली मूठ मिठाची टाकायची ती चांगल्या हाताच्या बाईनं. हात वाईट असला तर लोणच्याला बुरशी धरते म्हणतात. वरवट बकालमध्ये तो हात निर्मलाताईंचा. मृग लागला की या घरून त्या घरी त्यांना बोलावणी. त्या मीठ टाकायच्या, फोड हुंगायच्या, आणि "अजून एक ऊन दाखव, बाई" एवढंच सांगायच्या. लोणचं वर्षभर हलायचं नाही. पुढे बचत गट झाला, तेव्हा बायांनी न विचारताच त्यांना पुढे केलं.

पहिल्या वर्षी गटानं जांभळाचं सरबत केलं. मी बेन्झोएट दिलं, आणि त्यांच्या मोठ्या पातेल्याला एक खण असं माप सांगितलं. सरबत उत्तम टिकलं. ताईंनी एक बाटली मला आणून दिली. "भाऊ, तुमच्या पेटीनं काम केलं." मी ती घरी नेऊन बायकोला दाखवली.

त्या हिवाळ्यात त्या संत्र्याच्या सरबतासाठी आल्या. दुकानात गर्दी होती. मी केएमएसची पुडी बांधली. माझ्या हाताचा थाट, काट्याकडे पाठ.

"भाऊ, हे किती टाकाचं?"

"तेवढंच. पातेल्याला एक खण."

केएमएस बेन्झोएटपेक्षा कमी लागतं. आणि ते वजनाला कितीतरी जड. बेन्झोएट पिठासारखं भुरभुरीत, केएमएस खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं. एकाच खणात दोघांचं वजन सारखं कसं भरेल? काउंटरवर नवा लागलेला माणूसही असा घोळ करणार नाही, कारण तो वजन करून देईल. हा घोळ करायला हातावर विश्वास लागतो.

तरीही सावरता आलं असतं. चार दिवसांनी ताईंचा दुकानात फोन आला. "भाऊ, वास नाकात चढून राह्यला. माया जिवाले काई बरं वाटून नाई राह्यलं. जास्त त नाई झालं?"

मी म्हणालो, "ताई, केएमएसचा वास चढतोच. सरबत मुरलं की उतरतो. टाका बिनधास्त बाटल्यांत."

वास थोडा उतरतो हे खरं आहे. त्या थोड्या खऱ्याच्या आधारावर मी फोन ठेवला. त्यांच्या हातानं आणि नाकानं बरोबर ओळखलं होतं. मी त्यांना गप्प केलं.

त्या बाटल्या गावातल्याच एका साखरपुड्याला गेल्या. गुलाबराव तिथे आचारी होते, त्यांनीच मला दुकानात येऊन सांगितलं. सरबत पिताच दोघा-तिघांच्या घशात आग झाली, एकाला उलटी झाली. आणि नवरदेवाच्या आत्याला दमा होता. त्यांचा श्वासच अडला. ओठ निळे पडले. जीपमध्ये घालून शेगावला नेलं, तिथून अकोल्याला. वाचल्या. पुढे धडधाकट होऊन लग्नाला नाचल्यासुद्धा. पण हे त्या दिवशी कोणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी मांडवात रडारड होती, आणि निर्मलाताई सरबत कालवलेल्या पातेल्याशी उभ्या होत्या.

गुलाबरावांनी मिशीवर हात फिरवत मला विचारलं, "मधुभाऊ, ते बाई पावडर तुमच्यापासूनच नेत होती ना?"

मी म्हणालो, "पावडर चोख होती गुलाबराव. आता हात कसा होता, मले काय मालूम?"

हे ते वाक्य. माप चुकणं ही चूक होती. हे वाक्य चूक नव्हतं. दुकानावर बालंट येईल, शेठजी काय म्हणतील, मधूचा हात म्हणजे काटा म्हणणारे काय म्हणतील, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि मी ते तोंडाबाहेर काढलं. गुलाबराव दर दोन दिवसांनी नव्या गावात स्वयंपाक करणारा माणूस. वाक्य त्यांच्यासोबत फिरलं, आणि फिरून वरवट बकालला पोचलं, तेव्हा तिथल्या बायांना ते पटलं. कारण तिथे हात वाईट असू शकतो हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे. अन्नातल्या रसायनावर विश्वास बसायला अभ्यास लागतो, हातावर बसायला लागत नाही.

गुलाबराव गेल्यावर मी दोन काडेपेट्या काढल्या. एकीचा खण बेन्झोएटनं भरला, दुसरीचा केएमएसनं, आणि दोन्ही काट्यावर ठेवले. आकडे पाहिले. मग दोन्ही खण मोरीत ओतले आणि पाणी सोडलं.

त्या मृगात निर्मलाताईंना कोणी लोणच्याला बोलावलं नाही. पुढच्याही नाही. गट मोडला. मला ही बातमी तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली, त्या बाजूचं गिऱ्हाईक आलं की मीच आडवळणानं काढून घ्यायचो. एकानं सांगितलं, "आता ते घरचंही लोणचं सुनेले घालाले लावते. स्वतः बरणीले हात लावत नाई." हे ऐकून मी त्याला लिंबूफूल थोडं जास्त बांधून दिलं. माणूस कुठे काय फेडायला जातो पाहा.

मी बदललो, हे मात्र खरं. दुसऱ्या दिवसापासून काट्याशिवाय पुडी बांधली नाही. 'डोळे अधू झाले' असं शेठजींना सांगितलं. टिकवायच्या पावडरींसोबत मापाचा प्लास्टिकचा चमचा देऊ लागलो, बेन्झोएटला हिरवा, केएमएसला लाल. पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहितो, 'दमा असलेल्यांनी जपावे, बाटलीवर छापावे.' शेठजी गेले, त्यांचा मुलगा दुकान पाहतो, त्यानंही ही रीत ठेवली. आता गटांच्या बाया दुकानात येतात तेव्हा मी त्यांना स्टुलावर बसवतो आणि कोणतं फळ, किती रस, किती साखर हे विचारल्याशिवाय पावडर काढत नाही. एक जण वैतागून म्हणाली, "भाऊ, पावडर देता का पोरगी देता? इतली चौकशी!" मला बरं वाटलं. शेठजींना आवडलं असतं. दिवस समाधानात जातात. संध्याकाळी फळ्या पुसून कुलूप लावताना आज आपल्या हातून कोणाला काही बाधलं नाही, एवढं ठामपणे म्हणता येतं, आणि या धंद्यात ते थोडं नाही.

या उन्हाळ्यात निर्मलाताई दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. केस पिकलेले, चाल तीच. सोबत सून. पापडखार हवा होता.

मी पुडी काट्यावर ठेवली. आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली. ताई बघत होत्या.

"काऊन भाऊ? पह्यले त तुमाले काटा लागत नव्हता."

"वय झालं ताई. हात चुकते."

त्या हसल्या. "मंग माया हातासारखंच झालं म्हणा."

त्या अगदी सहज म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, की त्यांचा हात एके दिवशी आपोआप वाईट झाला, जसे केस पांढरे होतात. मी पुडीला दोरा गुंडाळत होतो, तो सुटला.

मी सांगितलं. सगळं. खण, वजन, फोन, गुलाबरावांना म्हटलेलं वाक्य. काउंटरकडे पाहून सांगितलं, वर पाहायची हिंमत नव्हती. सून मध्येच म्हणाली, "बाप्पा!"

ताई म्हणाल्या, "फोनवर मी इचारलं होतं तुमाले."

"हो."

"मले वास आलता."

"हो ताई. तुमचं बरोबर होतं."

त्यांनी आपला उजवा हात काउंटरवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं, एखाद्या परत आलेल्या भांड्याला पोचा पडला आहे का बघावं तसं. मी वाट पाहत होतो की त्या शिव्या देतील. माझी तयारी होती. त्या दिल्या असत्या तर माझं सोपं झालं असतं. त्यांनी पापडखाराची पुडी पिशवीत टाकली, पैसे मोजून ठेवले, आणि पायरी उतरताना मागे वळल्या.

"भाऊ, मले एकटीले सांगून काय उपेग? लोणचं काई मी एकटी खात नव्हती."

सून मात्र पुन्हा आत आली. "काका, लाल चमचा एक देऊन ठेवा. आवळ्याच्या वक्ताले लागन." मी दिला. तिच्या सासूनं पायरीवरून पाहिलं, पण नको म्हटलं नाही.

त्यानंतर मृग आला. वरवट बकालमध्ये घरोघरी कैऱ्या फोडल्या गेल्या असतील. खामगावहून वरवट बकालवरून संग्रामपूरकडे जाणारी एसटी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते, तिची पाटी मला काउंटरवरून वाचता येते. मी गेलो नाही. एकदा पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेलो आणि चहा पिऊन परत आलो. हा लेख छापून येईल, कोणीतरी तिकडे वाचेल, म्हणजे आपलं काम होईल, असंही मनात येऊन गेलं. पण तेही काउंटरमागून बोलणंच आहे.

ताईंचं मी एवढं देणं लागतो: वरवट बकालला जायचं, ज्या घरांतून त्यांना बोलावणं यायचं त्या घरांतल्या बायांसमोर उभं राहायचं, आणि सांगायचं की माप माझं चुकलं, निर्मलाताईंचा हात चांगला होता. अजून सांगितलेलं नाही.